गुण्या आधी उलटून बघायचा

ताईच्या नवीन फ्लॅटमधल्या देव्हाऱ्यासाठी मी जाळ्या कापल्या होत्या. ९ मिमी एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड), चार बाजू, प्रत्येक बाजू बरोबर ४०० बाय ४००, घरी बनवलेल्या सीएनसी राउटरवर (कॉम्प्युटरच्या हुकुमानं कटर फिरवणाऱ्या मशिनवर) कापलेलं पहिलं मोठं काम. रात्री साडेअकराला पांढऱ्या टेपनं तात्पुरत्या जोडून बघितल्या तर खाली कोपरा चपखल बसतोय आणि वर अर्ध्या सुताची, म्हणजे दीडेक मिमीची फट, शेजारची बाजू तेवढीच बाहेर आलेली. चारही कोपऱ्यांत तेच. मी व्हर्नियर काढून परत मोजलं, रुंदी ४००, उंची ४००, सगळं बरोबर, तरी जुळेना.

सकाळी चारही तुकडे घेऊन आकुर्डीत आमच्या मागच्या गल्लीतल्या सुतारमामांकडे गेलो. म्हटलं, मामा, फिलर भरून देता का, बाकी पॉलिश मी करतो. त्यांनी तुकडे घेतले, पण बघितलेच नाहीत, बाजूला ठेवले. भिंतीवरचा लोखंडी गुण्या (काटकोन बघायची एल आकाराची पट्टी) काढला, एक प्लायचा तुकडा घेतला ज्याची एक कड कंपनीची सरळ होती, त्या कडेला गुण्याचा आखूड पाय टेकवून लांब पायाच्या कडेनं पेन्सिलची रेघ मारली. मग गुण्या पालथा केला, उजवीकडचा डावीकडे, त्याच टिंबापासून दुसरी रेघ. दोन्ही रेघा खाली एकत्र होत्या आणि वर जाताना केसभर फाकल्या होत्या.

"परवा हातातून पडलाय," मामा म्हणाले. मग त्यांनी तो रेल्वेच्या रुळाच्या तुकड्यावर ठेवला, सेंटर पंच (टोकदार पोलादी खिळा) काढला आणि कोपऱ्याच्या आतल्या बाजूला एक ठोका दिला, एकच, मोजून. परत दोन रेघा. अजून किंचित. अर्धा ठोका. परत दोन रेघा, आणि या वेळी एकावर एक बसल्या, एकच रेघ जरा जाड दिसावी तशा. कोपऱ्याच्या आत ठोकलं की तिथलं लोखंड पसरतं आणि गुण्या उघडतो, बाहेरच्या अंगाला ठोकलं की मिटतो, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. त्या क्षणी मी घाईत होतो आणि मनात म्हणत होतो की माझ्या जाळ्या कधी बघणार.

मी तसं बोललोही. मामा म्हणाले, "माझाच गुण्या वाकडा असला तर तुझं मशिन वाकडं कसं म्हणू?"

मग माझ्या जाळीला गुण्या लावला. कर्ण मोजले. एक ५६४.७, दुसरा ५६६.७. चौरस नव्हताच तो, शंकरपाळी होती. कर्णांत २ मिमी फरक म्हणजे ४०० च्या उंचीवर जवळपास दीड मिमी तिरपं, म्हणजे तीच अर्ध्या सुताची फट. मी मशिनची लांबी दहा वेळा तपासली होती, १०० मिमी चालव म्हटलं की १०० चालतं का ते, आणि मशिन चालवणाऱ्या जीआरबीएल या प्रोग्राममध्ये एक्स आणि वायचे आकडे दशांशाच्या पुढं जाऊन सुधारले होते. पण दोन अक्ष एकमेकांशी काटकोनात आहेत का हे कधी बघितलंच नव्हतं. लांबीतली चूक आकडा बदलून जाते. कोनातली माझ्या कंट्रोलरमध्ये जात नाही, ती लोखंडातच दुरुस्त करावी लागते.

ते पहिलं मशिन मी २०२० मध्ये लॉकडाउनच्या दिवसांत बनवलं होतं, १२ आणि १८ मिमी एमडीएफचं. एका भंगारात निघालेल्या झेरॉक्स मशिनमधले गुळगुळीत रॉड, टी८ चे लीडस्क्रू (फिरून मशिन पुढं-मागं नेणारे आट्यांचे दांडे), नेमा १७ मापाच्या तीन स्टेपर (टप्प्याटप्प्यानं फिरणाऱ्या) मोटरी, आर्डुइनो उनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड आणि त्याच्यावर बसणारी लाल सीएनसी शील्ड. जीआरबीएल हे फर्मवेअर फुकट आहे आणि उनोच्या ३२ केबी मेमरीत बसतं, तीन मोटरी एकदम गुळगुळीत चालवतं, वर्तुळ कापतं. ज्यांनी हे लिहून सगळ्यांसाठी खुलं ठेवलं त्यांचे माझ्यासारख्या घरात बसून मशिन बनवणाऱ्या माणसावर उपकारच आहेत. एका गोष्टीवर मात्र माझे चार दिवस गेले. शील्ड जुन्या मांडणीची होती आणि नवीन जीआरबीएलमध्ये झेडचा (वर-खाली अक्षाचा) लिमिट स्विच, म्हणजे मशिन टोकाला पोचलं हे सांगणारा स्विच, अकराव्या पिनवरून बाराव्यावर गेलाय, त्यामुळं शील्डवर जिथं झेड लिहिलंय तिथं वायर लावली तर होमिंग, म्हणजे मशिननं आपली सुरुवातीची जागा शोधणं, होत नाही. कुणी आत्ता बनवत असेल तर हे आधीच बघा.

देव्हाऱ्याची फट मामांनी भरून दिली, पण दुसरं मशिन बनवायचं हे मी तिथंच उभ्या उभ्या ठरवलं, आणि या वेळी लोखंड-ॲल्युमिनियमचं.

सामान गोळा करणं हे या छंदातलं मला सगळ्यात आवडणारं काम, खरं सांगतो, कापण्यापेक्षासुद्धा. ऑनलाइन सगळं मिळतं आणि ड्रायव्हर, पॉवर सप्लाय, वायर तिथूनच घेतलं, पण रेल आणि मोटर हाताला लागल्याशिवाय घ्यायला माझं मन होत नाही. रविवारी सकाळी पुण्यात जुना बाजार, बुधवारी सुट्टी असली तर बुधवारीही. किरकोळ इलेक्ट्रिकचं सामान तपकीर गल्लीत. मुंबईला काही कामानं गेलो तर लॅमिंग्टन रोड आणि नागदेवी, नागदेवीत तर नुसतं हिंडलं तरी कळतं की जगात किती प्रकारचे बोल्ट आहेत. आणि जड माल म्हणजे तेव्हा चिखलीजवळची कुदळवाडी, भंगाराच्या शेडची. कंपन्यांमधली जुनी पॅकिंग मशिनं, व्हीएमसी (धातू कापणारी मोठी कॉम्प्युटर मशिनं), कन्व्हेयर तिथं फुटायला यायचे आणि पत्र्याच्या शेडमध्ये ढिगानं पडलेले असायचे. तैवानच्या, जपानच्या लिनियर रेल (ज्यांच्यावरून आत छर्रे असलेला ब्लॉक सरळ सरकतो), ज्यांची नवी किंमत विचारायला मी धजणार नाही, त्या तिथं वजनावर.

रेल कशी बघायची हे मला तिथंच एका शेडमधल्या पोऱ्यानं शिकवलं, अठरा-एकोणीस वर्षांचा असेल. नखानं खाच चाचपायची, नख कुठंही अडकलं तर ती रेल सोडायची, कारण तिथं खड्डा पडलाय आणि प्रत्येक छर्रा तिथून जाताना उडी मारणार. मग ब्लॉक एका बोटानं ढकलायचा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोटाला एकसारखं लागलं पाहिजे, मध्येच सैल मध्येच घट्ट नको. मग ब्लॉक काढून (दुसऱ्या तुकड्यावर सरकवून, नुसता ओढून नाही) उलटा घालायचा आणि परत ढकलायचा. सरळ घातल्यावर जिथं घट्ट लागत होता तिथंच उलटा घातल्यावरही घट्ट लागला तर दोष रेलमध्ये. जागा बदलली तर दोष ब्लॉकमध्ये.

मला एकदम मामा आठवले. हा पोरगा कधी आकुर्डीला आला नसेल, सुतारकाम त्याला माहीत नसेल, पण तो तेच करत होता, उलटून बघत होता.

स्टेपर मोटर तपासायची पण अशीच एक साधी युक्ती आहे, बॅटरीसुद्धा लागत नाही. चार वायरींपैकी कुठल्याही दोन एकमेकींना पिळायच्या आणि दांडा बोटानं फिरवायचा. एकाच कॉइलच्या दोन असतील तर दांडा एकदम जड होतो, खटखट लागतो. नसतील तर मोकळा फिरतो. दोन्ही कॉइलवर सारखाच जड झाला तर मोटर बहुतेक चांगली. मी तशा तीन नेमा २३ निवडल्या आणि चौथी नवी घेतली.

बॉलस्क्रू (ज्यांच्या नटात छर्रे फिरतात ते स्क्रू) मात्र नवे घेतले, १६०५ चे, म्हणजे १६ मिमी जाड आणि एका फेऱ्यात ५ मिमी पुढं जाणारे. मोटरच्या एका फेऱ्याला २०० स्टेप, ड्रायव्हरनं त्याचे आठ-आठ भाग केले की १६००, भागिले ५, म्हणजे एका मिलिमीटरला ३२०. हा आकडा कंट्रोलरमध्ये टाकताना मला फार समाधान वाटलं, कारण टी८ च्या वेळी नटाच्या ढिलाईमुळं आकडा बरोबर असून उपयोग नसायचा, दिशा बदलली की मशिन आधी ढिलाई खायचं आणि मग हलायचं.

आणि मग मी चूक केली. नट फिरवून बघताना तो स्क्रूच्या टोकावरून बाहेर आला. नट काढायचा असेल तर आधी पोकळ नळी लावून तिच्यावर घ्यायचा असतो, मला माहीत होतं, हातात वेग आला आणि राहिलं. सगळे छर्रे फरशीवर. तो आवाज अजून कानात आहे, पावसाच्या पहिल्या थेंबांसारखा पण लोखंडी. बायको, मुलगी आणि मी तिघं मोबाईलच्या टॉर्चनं पलंगाखाली, कपाटाखाली, तासभर. दुसरा नट शेजारी होता म्हणून किती असायला हवेत ते कळलं, दोन कमी भरले.

बेअरिंगच्या दुकानात गेलो आणि म्हटलं, दोन छर्रे द्या. दुकानदार काकांनी सरळ नाही म्हटलं. "दोन देणार नाही, पूर्ण नटाचे एका पाकिटातले घेऊन जा." कारण विचारलं तर म्हणाले, नवे दोन जुन्यांपेक्षा दोन मायक्रॉन मोठे निघाले तर सगळा लोड त्या दोघांवरच येणार, बाकीचे नुसते सोबत फिरणार. एवढं सांगून त्यांनी पाकीट काढलं. माप विचारलं तेव्हा मी सांगितलं ३.१७५ मिमी. काका म्हणाले, "म्हणजे एक अष्टमांश."

एक अष्टमांश इंच. म्हणजे एक सूत! घरी येताना गाडीवर हेच डोक्यात चाललेलं. चीनमध्ये मिलिमीटरमध्ये बनलेला स्क्रू, मिलिमीटरमध्ये विकलेला, आणि आत फिरणारा छर्रा मामांच्या टेपवरचं सूत. माझ्या बारीक कटरांची दांडीसुद्धा ३.१७५, तीही एक सूतच. मामांना सांगितलं तर त्यांना काहीच नवल वाटलं नाही, म्हणाले सूत सगळीकडं असतं.

छर्रे परत भरायला रविवार गेला. चार्ट पेपर गुंडाळून स्क्रूच्या आतल्या व्यासाएवढी नळी केली, नटाच्या आत ग्रीस लावून एकेक छर्रा चिकटवत गेलो, गच्च नाही भरायचे, एखाद्या छऱ्याएवढी मोकळी जागा ठेवायची म्हणजे एकमेकांना घासत नाहीत. मग नळी स्क्रूच्या टोकाला लावून नट हळूहळू वर घेतला. फिरवल्यावर लोण्यासारखा गेला. ते मी दहा मिनिटं नुसतंच फिरवत बसलो होतो.

आता खरी अडचण. गँट्री म्हणजे मशिनचा आडवा पूल, तो दोन बाजूंच्या दोन प्लेटांवर उभा राहतो. त्या प्लेटा १० मिमी ॲल्युमिनियमच्या हव्या होत्या, आणि दोन नगांसाठी भोसरीत व्हीएमसीवाला वेळ देईना, त्याचंही बरोबर आहे, सेटिंगलाच त्याचा अर्धा दिवस जातो. माझ्याकडं होतं ते जुनं एमडीएफचं मशिन, जे शंकरपाळी कापतं. वाकड्या मशिनवर कापलेल्या प्लेटा वाकड्याच येणार, मग नवं मशिन सरळ होणार कसं? जगातलं पहिलं सरळ मशिन कुणी कशावर बनवलं असेल, हा प्रश्न मला तेव्हा खरंच रात्री झोपू देत नव्हता.

त्याचं उत्तर फार जुनं आहे. इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थनं १८४० मध्ये ग्लासगोच्या सभेत खरी सपाट पातळी कशी बनवायची यावर निबंध वाचला. पद्धत अशी की तीन प्लेटा घ्यायच्या. एकीला निळा रंग लावून दुसरीवर घासायची, रंग जिथं लागला तो उंचवटा, तो खरवडायचा. दोनच प्लेटा घेतल्या तर फसगत होते, एक वाटीसारखी आणि दुसरी घुमटासारखी झाली तरी दोघी एकमेकींत चपखल बसतात आणि आपल्याला वाटतं सपाट झाल्या. तिसरी आणली की पितळ उघडं पडतं. पहिली दुसरीशी, दुसरी तिसरीशी, तिसरी पहिलीशी, असं फिरवत राहिलं तर तिन्ही एकदम फक्त एकाच प्रकारे जुळू शकतात, सपाट असल्या तरच. हातात एकही सरळ वस्तू नसताना सरळपणा तयार होतो! भोसरीत जुन्या लेथचे बेड रिकंडिशन करणारे कारागीर अजून हातानं स्क्रेपिंग करतात, निळा रंग लावून, उकिडवं बसून, मी एकदा दुपारभर बघत बसलो होतो. त्यांच्या हाताखाली बेडवर जी चंद्रकोरीसारखी नक्षी उठते ती नुसती शोभेची नाही, तिच्या उथळ खाचांत तेल धरून राहतं.

हे वाचल्यावर, बघितल्यावर मला कळलं की मला सरळ प्लेटा नकोच आहेत. मला सारख्या प्लेटा हव्यात. मशिननं दोन्ही प्लेटांचा बाहेरचा आकार कापला, एक सूताचा सिंगल फ्लूट (एकाच धारेचा) कटर, एका पासला ०.२ मिमी, ब्रशनं कटिंग ऑइल सोडत, दोन संध्याकाळी गेल्या, मशिन थरथरत होतं पण कापलं बिचाऱ्यानं. भोकं मात्र मशिनवर पाडलीच नाहीत. दोन्ही प्लेटा एकमेकींच्या पोटाला पोट लावून क्लॅम्पमध्ये आवळल्या आणि ड्रिलवर दोन्हींतून एकदमच आरपार पाडली. भोक सरकलं असेल तर दोन्हींत सारखं सरकलं. पूल दोन्हीकडं सारख्याच उंचीवर बसला, आणि काय हवंय. जोडीनं केलेल्या चुकीनं पूल तिरपा होत नाही.

आणि जिथं जुळवाजुळव लागणार होती तिथं गोल भोकाऐवजी लांबट स्लॉट ठेवले. पहिल्या मशिनमध्ये सगळं गोल भोकांत घट्ट होतं, चूक कळली तरी हलवायला जागाच नव्हती.

रेल बसवायचीही तीच रीत. ॲल्युमिनियम सेक्शन दुकानात कितीही सरळ दिसला तरी डायल (केसभर चढउतार दाखवणारं घड्याळासारखं माप) लावला की पोट निघतं. एक रेल मालक धरायची, तिला आधी ताणलेल्या दोऱ्याला आणि मग डायलला बघून सरळ करायची आणि पक्की आवळायची. दुसरी नुसती ठेवायची, बोल्ट हलके. मग पूल दोन्हीवर चढवून या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचा आणि जिथं पूल उभा आहे तिथलाच बोल्ट आवळायचा, पुढं न्यायचं, पुढचा आवळायचा. दुसरी रेल पहिलीकडं बघून स्वतः जागा घेते.

स्पिंडल, म्हणजे कटर फिरवणारी मोटर, म्हणून ट्रिम राउटर लावला, सुतार लोक फॉर्मायकाच्या कडा मारायला वापरतात तोच. त्याच्यामुळं एक त्रास झाला, कार्बन ब्रशची मोटर असल्यानं ती चालू झाली की लिमिट स्विचच्या वायरींत खोटा सिग्नल जायचा आणि काम अर्ध्यात असताना अलार्म १ देऊन मशिन उभं. शील्डेड केबल घेतली, तिची जाळी एकाच टोकाला अर्थ केली, प्रत्येक स्विचच्या इनपुटला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि राउटरची वायर बाकीच्यांपासून हातभर लांब नेली. त्यानंतर नाही झालं.

स्पिंडल टेबलाला उभा आहे का हे बघायला कॉलेटमध्ये (कटर पकडणाऱ्या तोंडात) तारेचा आकडा धरला, टेबलावर काचेचा तुकडा, तारेचं टोक डाव्या बाजूला काचेला जेमतेम टेकवलं आणि हातानं अर्धा फेरा फिरवला. उजवीकडं कागद आत गेला. परत अर्धा फेरा, परत बघ. उलटून बघितलं की चूक दुप्पट दिसते, यातच सगळं आलं. जी चूक सरळ बघून डोळ्याला दिसत नाही ती पालथी घातली की दुणावते आणि दिसते, आणि मग तिचं अर्धं काढायचं.

शेवटचं काम काटकोनाचं. वायला दोन मोटरी आहेत पण माझा कंट्रोलर दोघींना एकच हुकूम देतो, त्यामुळं वीज द्यायच्या आधी पूल हातानं मागच्या दोन ठोकळ्यांना टेकवायचा, मग चालू करायचं. ते दोन ठोकळे एका रेषेत नसले तर सगळंच तिरपं. एका ठोकळ्याला पत्र्याचे शिम (फट भरायच्या पातळ चकत्या) देत गेलो, कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा ०.१ मिमीच्या आसपास असतो, कात्रीनं कापता येतो, याच्याइतकं स्वस्त शिम नाही. कॉलेटमध्ये पेन्सिल धरून मशिनकडून रेघ मारून घ्यायची, बोर्ड पालथा नाही पण गुण्या पालथा, रेघ, परत रेघ. एक शिम, दोन शिम, तिसरं जास्त झालं, काढलं.

मधल्या काळात फेब्रुवारी २०२५ मध्ये कुदळवाडीत पाडापाडी झाली, पत्र्याच्या शेड गेल्या. मी एकदा त्या बाजूला गेलो होतो, ओळखीची एकही खूण राहिली नव्हती, शेड कुठल्या होत्या तेही सांगता येईना. त्या जागेच्या परवान्याचं वगैरे जे असेल ते असो, पण तो नखानं रेल तपासणारा पोरगा आता कुठं आहे हे मला माहीत नाही आणि त्याची आठवण येते. त्याची रेल माझ्या मशिनची मालक रेल आहे. तिच्या कडेवर कुठल्यातरी कंपनीतल्या मेंटेनन्सवाल्यानं पेंट मार्करनं "डावी" लिहिलेलं होतं, मी पुसलं नाही, आणि ती डावीकडंच लावली.

मागच्या महिन्यात मामांना घरी बोलावलं. येताना ते गुण्या घेऊन आले, मी सांगितलं नव्हतं. मी ४०० चा चौरस कापून ठेवला होता, कर्णही मोजून ठेवले होते, पण बोललो नाही. मामांनी आधी एमडीएफच्या कडेवर आपला गुण्या लावून रेघ मारली, पालथा केला, रेघ मारली, वाकून बघितलं. मग माझ्या चौरसाला लावला. एका कोपऱ्याला, मग गुण्या पालथा करून त्याच कोपऱ्याला, मग चौरस पालथा करून. चारही कोपरे असे झाले. ट्यूबलाइटकडं धरून गुण्या आणि कडेच्या मधून उजेड येतो का ते बघितलं. मी कॉफी आणली होती, ती गार झाली.

"गुण्यात आहे," म्हणाले, आणि पेन्सिल कानावर ठेवली. मग खिशातून घडी घातलेला कागद काढला, एका खिडकीच्या जाळीचं माप होतं, इंच आणि सुतात. "हे कापून देशील का? शिसमाचं आहे, हळू घे."